नानांचा डावा हात

नाना चौतीस वर्षं लोकांचे केस कापत होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाच्या तोंडी सूचनेवर कधी भरवसा ठेवला नव्हता. हा उद्धटपणा नव्हे, अनुभव. खुर्चीत बसलेला माणूस समोरच्या आरशात बघून म्हणतो, डावा कल्ला लांब राहिलाय, आणि बोट लावतो उजव्या कल्ल्याला. बोलण्यावर जाऊन डावा छाटला की आधी कल्ले वाकडे होतात आणि मग गिऱ्हाइकाचं तोंड. म्हणून नानांचा नियम होता: तोंड काय म्हणतं ते ऐकून सोडून द्यायचं, हात कुठे जातो ते बघायचं. आणि आरशात जे उजवीकडे दिसतं ते उजवीकडचं, डावीकडे दिसतं ते डावीकडचं. यात डोकं चालवायला गेलं की कात्री चुकते. या नियमावर त्यांचं सगळं सुरळीत चाललं होतं. पुढे याच नियमाने त्यांची अशी फजिती केली की विचारू नका, पण ते गिटार आल्यावर.

दुकान लहान. दोन खुर्च्या, भिंतभर एकच लांब आरसा, आरशाखाली फळी, फळीवर पावडरचा डबा, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, मशीन, कात्र्या. मागे वाट बघणाऱ्यांसाठी बाक आणि बाकावर कालचं वर्तमानपत्र. पहिली खुर्ची नानांची, दुसरी त्यांच्या लेकीची, चिंगीची. चिंगी सव्वीस वर्षांची होती, बापापेक्षा चार बोटं उंच होती, तरी नाव चिंगीच राहिलं. सहा वर्षांपूर्वी ती दुकानात उभी राहिली तेव्हा अर्ध्या गल्लीच्या भुवया वर गेल्या. बाईकडून दाढी करून घ्यायची म्हटल्यावर भल्याभल्यांना अचानक कामं आठवायची. आता तेच लोक नानांची खुर्ची मोकळी असली तरी वर्तमानपत्रात नाक खुपसून बसत आणि चिंगीची खुर्ची रिकामी झाली की ताडकन उठत. नानांना हे दिसत होतं आणि त्याचा राग येत नव्हता. उलट घरी जाऊन ते बायकोला रंगवून सांगत.

मग गेल्या वर्षी एका सकाळी नानांच्या हातातून कंगवा पडला. खुर्चीत पोस्टमास्तर होते, निवृत्त झालेले, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न चुकता येणारे. नानांनी कंगवा उचलला, पुसला, पुन्हा धरला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पोस्टमास्तरांनीच वाकून उचलला आणि नानांच्या चेहऱ्याकडे बघून चिंगीला हाक मारली. अर्धांगवायूचा हलका झटका, डॉक्टर म्हणाले. हलका होता म्हणून पाय तीन आठवड्यांत ताळ्यावर आला. जिभेला काहीच झालं नाही, असं चिंगीची आई सगळ्यांना सुस्कारा टाकून सांगायची. सुस्कारा सुटकेचा की कसला ते तिलाच ठाऊक. राहिला तो डावा हात. तो हलत होता, गरम-थंड त्याला कळत होतं, पण सांगितलेल्या कामात त्याचं लक्ष नसे.

केस कापणाऱ्याचं सगळं काम कात्रीत असतं असं लोकांना वाटतं. कात्री उजव्या हातात असते आणि ती फक्त उघडते आणि मिटते. बाकी सगळं डावा करतो. आखूड केस असले तर कंगव्यावर उचलून धरायचे आणि कंगव्याच्या वर जेवढे येतील तेवढे कापायचे. तो कंगवा डाव्या हातात असतो. लांब केस असले तर कंगव्याचं काम नाही. तिथे पहिल्या दोन बोटांच्या फटीत केसांची बट ताणून धरायची आणि बोटांच्या कडेने कापायची. ती बोटंही डावीच. डावा हात गेला म्हणजे नानांकडे उरली नुसती कात्री.

दोन्ही खुर्च्यांचं काम चिंगीवर आलं. नाना बाकावर बसून टॉवेलांच्या घड्या घालायचे आणि वाट बघणाऱ्यांचं डोकं खायचे. नेमकं त्याच सुमारास चिंगीला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या सलूनमध्ये जागा मिळाली होती. काम करत करत शिकायचं, आणि शिकायचं ते बायकांच्या लांब केसांचं काम, जे चिंगीला मनापासून हवं होतं. नानांच्या दुकानात जन्मभर राहिली असती तर माना आणि दाढ्या याशिवाय तिच्या हाती काही आलं नसतं. दीडशे जणांतून त्यांनी सातजण निवडले होते. चिंगीने कळवलं, वडील आजारी आहेत, सवड द्या. त्यांनी सहा महिने दिले, मग आणखी चार. घरी तिने एकदाच सांगितलं, की बाबांना दुकान एकट्याने ओढता आलं की त्याच आठवड्यात निघेन, आणि विषय बंद केला. नानांना मात्र तो विषय रोज सकाळी शटर वर जाताना आठवायचा. शटरही चिंगीच वर करायची.

फिजिओच्या बाईंनी नानांना रबरी चेंडू दिला होता. दिवसातून तीनशे वेळा दाबायचा. नानांनी तो आठवडाभर दाबला आणि मग खणात टाकला. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, चेंडू नको असेल तर बोटांना दुसरं काही काम द्या, पण रोज द्या आणि कंटाळा येणार नाही असं द्या. हे नानांनी दुकानात सगळ्यांना सांगितलं, कारण नाना सगळंच सगळ्यांना सांगत. पोस्टमास्तरांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीत गुंडाळलेली गिटार घेऊन आले. मुलगा परदेशी गेला, ही कपाटावर धूळ खातेय, दोन्ही हातांना काम आहे हिच्यात, एवढं बोलून ते बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले.

नानांनी आयुष्यात कुठलंच वाद्य हातात धरलं नव्हतं. शिकवणी लावायला त्यांची तयारी नव्हती; वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणाच्या पुढ्यात बसून चुकायचं हे त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. चिंगीने फोनवर शोधून दिलं: अगदी नवख्यांसाठी चाळीस धडे, फुकट. शिकवणारा एक हसतमुख मुलगा होता, डोक्यावर कायम टोपी. नाना त्याला टोपीवाले सर म्हणू लागले. दुपारी दोन ते चार दुकान बंद असे, चिंगी जेवायला घरी जाई. तेव्हा नाना शटर अर्धं ओढून घ्यायचे, आपल्याच खुर्चीत बसायचे आणि फोन फळीवर पावडरच्या डब्याला टेकवून, त्याची पाठ आरशाकडे करून उभा करायचे. सर नमस्कार म्हणाले की नानाही न चुकता नमस्कार म्हणायचे.

तर झालं असं, की पहिल्या धड्यात सरांनी गिटार कशी धरायची ते दाखवलं. पडद्यावर गिटारची लांब दांडी उजवीकडे गेली होती. नानांनी चौतीस वर्षांच्या सवयीने आपली दांडी उजवीकडे केली. सर तोंडाने म्हणत होते, डाव्या हाताने दांडी धरा. पण तोंडाने काय, लोक काहीही म्हणतात. नानांनी हात बघितला. पडद्यावर दांडीवरचा हात उजवीकडे होता, म्हणून नानांचा उजवा हात दांडीवर गेला आणि तारा छेडायला राहिला डावा. समोर बसलेल्या माणसाचा डावा आपल्या उजव्या बाजूला येतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ज्याचा सगळा दिवस आरशात जातो त्याला समोर कुणी बसलेलं असतं असं वाटतच नाही. त्याच्या लेखी समोर असतो तो आरसा.

मग सर म्हणाले, सगळ्यात जाड तार वर हवी. नानांची खाली होती. नानांना वाटलं, पोस्टमास्तरांच्या दिवट्याने तारा उलट्या लावून ठेवल्यात. त्यांनी पुढच्या दोन दुपारी खर्च करून, काढताना तुटलेल्या एका जुन्या तारेच्या जागी नवी आणून, सगळ्या तारा फिरवून लावल्या. जाड तारा बारीक तारांच्या खाचांत बसेनात, तेव्हा कात्र्यांना धार लावायच्या कानशीने खाचा मोठ्या केल्या. असं नेटकं आणि मन लावून केलेलं चुकीचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. धड्यात मधूनमधून बोटं कुठे ठेवायची याचे चौकोन यायचे, त्यांचं नानांना काही कळायचं नाही. ते हात बघायचे.

आणि खरं सांगायचं तर त्यांना येऊ लागलं. पहिले पंधरा दिवस उजव्या हाताच्या बोटांची टोकं सोलून निघाली, मग ती टणक झाली. डाव्या हातात तो छोटा प्लॅस्टिकचा तुकडा, पिक म्हणतात तो, पहिल्यांदा दहा मिनिटांत वीस वेळा गळून पडला. महिन्याने दोनदा पडायला लागला. धडा संपला की डावा हात खांद्यापर्यंत दुखायचा, आणि नाना खूश व्हायचे, की व्यायाम होतोय. उजव्या हाताला अवघड काम आणि डाव्याला सोपं, म्हणजे गिटार करणाऱ्याने आजाऱ्याचा विचार करूनच ती केली असणार, असंही त्यांनी एकदा बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, आधी तुम्हाला एक सूर तरी नीट लागू दे.

दुसऱ्या महिन्यात जी आणि सी या दोन कॉर्ड जमल्या. कॉर्ड म्हणजे तीन-चार तारा वेगवेगळ्या ठिकाणी एकदम दाबायच्या आणि सगळ्या एकदम वाजवायच्या. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना बोटं हवेत चाचपडायची, आणि मग एका दुपारी ती विचार न करता जागेवर जाऊन बसली. नाना उठून उभे राहिले, शटरखालून रस्त्यावर कुणी आहे का बघितलं, कुणी नव्हतं, आणि परत येऊन तेच अकरा वेळा केलं. हात आणि हातावर अडलेलं सगळं त्या वेळी त्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्यांना मजा येत होती. नंतर याची त्यांना जराशी चोरटी लाजही वाटली.

चिंगी कधी लवकर परत आली तर आपल्या खुर्चीशी कात्र्या पुसत उभी राहून आरशातून त्यांच्याकडे बघायची. आरशात नाना अगदी बरोबर दिसत, हुबेहूब फोनमधल्या सरांसारखे. त्यामुळे चार महिने कुणाला काही शंका आली नाही.

चार महिन्यांनी सलूनचं शेवटचं पत्र आलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. चिंगीने ते वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, मी नकार कळवते. नाना म्हणाले, थांब. महिना आहे अजून.

त्यांना मनातून वाटत होतं की हात आला असणार. एवढी गिटार वाजते म्हणजे हात आला असणारच. पण स्वतःची खात्री पटेना, म्हणून त्यांनी सरांना विचारायचं ठरवलं. वीस धडे झालेल्यांनी आपला व्हिडिओ पाठवा, मी प्रत्येकाला उत्तर देतो, असं सर दर धड्यात सांगत. चिंगीने फोनवर व्हिडिओ काढला. काढताना ती म्हणाली, बाबा, काहीतरी वेगळंच दिसतंय. काय ते तिला सांगता येईना. नाना म्हणाले, मी इस्त्रीचा शर्ट घातलाय म्हणून असेल.

दोन दिवसांनी फोनवर सरांचा आवाजी निरोप आला. तोंडभरून कौतुक केलं होतं. या वयात इतका स्वच्छ आवाज फार थोड्यांचा येतो, आणि काका, तुम्ही डावखुरे आहात हे आधी कळवलं असतं तर तुमच्यासाठी वेगळे चौकोन पाठवले असते. नानांनी दोनदा ऐकलं. मग चिंगीकडून लिहून घेतलं, की मी डावखुरा नाही, घरात कुणीच नाही. त्यावर सरांनी जरा वेळाने समजावून सांगितलं, फार अदबीने, की मग तुम्ही गिटार उलटी धरली आहे. उजव्या हाताच्या माणसाने तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबायच्या असतात.

चिंगीला आधी कळलं. ती हसत सुटली, हसता हसता गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नानाही हसले. खो खो हसले. मग दोघांचं हसणं थांबलं, कारण दोघांनाही एकदमच उमगलं. चार महिने रोज दोन तास ज्या बोटांना व्यायाम मिळाला ती धडधाकट हाताची बोटं होती. आजारी हात नुसता वर-खाली होत होता. पहिल्या तारखेला सव्वीस दिवस उरले होते.

नानांनी त्याच दुपारी तारा पुन्हा काढल्या, सुलट लावल्या आणि पहिला धडा लावला. कानशीने मोठ्या केलेल्या खाचांत आता बारीक तारा खडखडायला लागल्या. त्यांखाली त्यांनी सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाच्या घड्या सरकवल्या. दांडी डावीकडे गेल्यावर सगळंच परकं वाटलं. उजव्या हाताला सगळं येत होतं आणि त्याला काही विचारायचं नव्हतं. डाव्याचं पहिलं बोट तारेवर ठेवलं तर ते घसरायचं. मधलं बोट तारेपर्यंत जायचं आणि तिथे नुसतं बसून राहायचं, दाबायचं नाही. दुकानात डबा द्यायला आलेली बायको म्हणाली, जी टुंग टुंग चार महिन्यांनी थांबली होती तीच परत का सुरू झाली? नानांनी धडा पुन्हा सुरुवातीपासून लावला.

नवव्या दिवशी पहिल्या बोटाखाली एका तारेचा स्वच्छ आवाज निघाला. एकच तार, एकच आवाज. दुसऱ्या बोटाखाली निघाला नाही.

बाविसाव्या दिवशी ते फिजिओच्या बाईंकडे गेले. बाईंनी हात तपासला आणि अंगठा व पहिलं बोट यांची पकड बघून त्यांना नवल वाटलं. काय केलंत, म्हणाल्या. ते पिकचं काम होतं, चुकून झालेलं. पण पहिल्या दोन बोटांच्या फटीत त्यांनी कागद धरायला दिला आणि हलकेच ओढला, तर तो सुटून आला. ही पकड कधी येईल, असं नानांनी विचारलं. बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. वर्ष लागेल, म्हणाल्या, आणि कदाचित येणारही नाही.

परत येताना नाना पोस्टमास्तरांच्या घरी गेले आणि त्यांना म्हणाले, माझ्यावर एक उपकार करा, या खुर्चीवर बसा. तिथेच, त्यांच्या व्हरांड्यात, नानांनी खिशात आणलेल्या कंगव्या-कात्रीने त्यांचे केस कापले. आखूड केस, सगळं कंगव्यावर. कंगवा एकदाही पडला नाही. मान सरळ आली, कल्ले सारखे आले. पोस्टमास्तरांनी आत जाऊन आरसा बघितला आणि बाहेर येऊन नानांचा हात हातात घेतला, तो डावाच.

घरी आल्यावर नानांनी लेकीला ही अर्धी बातमी दिली. पोस्टमास्तरांचे केस कापले, झकास झाले, हात आला, तू कळवून टाक. कागदाचं काही सांगितलं नाही.

चिंगीने ऐकून घेतलं. ती आईचीच मुलगी होती; नानांनी काहीतरी गाळलंय हे तिला कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी गेली नाही. तिने शटर अर्धं ओढलं, केसांचा अंबाडा सोडला, फवाऱ्याने केस ओले केले आणि नानांच्या खुर्चीत जाऊन बसली. पाठीच्या अर्ध्यावर येणारे दाट केस होते तिचे, लहानपणापासून आईशिवाय कुणाला हात लावू दिला नव्हता.

"दोन बोटं कमी करा," ती म्हणाली. "नुसती टोकं."

नानांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. विंचरून केस सरळ केले, तिथपर्यंत ठीक होतं. मग एक बट पहिल्या दोन बोटांच्या फटीत घेतली आणि खाली ओढली. ती निसटली. पुन्हा घेतली, पुन्हा निसटली. तिसऱ्या वेळी त्यांनी हात तिच्या पाठीला टेकवून, दात आवळून ती धरली आणि कात्री चालवली. त्याच क्षणी बोटं वर सरकली होती. बट पाऊण वीत आखूड झाली. दोघांनीही आरशात ते बघितलं. नानांनी कात्री खाली घेतली.

"नाही जमत," ते म्हणाले. "कंगवा धरता येतो. केस धरता येत नाहीत. काल तुला खोटं सांगितलं."

"का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर तू गेली नसतीस."

नानाच बोलत राहिले. आखूड केसांचे जेवढे येतील तेवढे मी करीन, ते म्हणाले, दाढ्या करीन, बाकीच्यांना सांगेन की दुसरीकडे जा. निम्मी गिऱ्हाइकं जातील, जाऊ देत. तुझी आई आणि मी, आम्हाला किती लागतं. पण तू इथे उभी राहिलीस तर रोज सकाळी तुला शटर वर करताना बघणं मला सोसवणार नाही. एवढं लांब बोलणं त्यांनी लेकीशी कधी केलं नव्हतं. बोलताना ते आरशातल्या चिंगीकडे बघत नव्हते, तिच्या डोक्यावरच्या भांगाकडे बघत होते.

मग चिंगीने कापडाखालून हात बाहेर काढला, ती आखूड झालेली बट बोटांत घेऊन बघितली आणि सोडली.

"कंगव्यावर करा मग," ती म्हणाली. "सगळे."

"वेडी आहेस का? आई मला घरात घेणार नाही."

"तिचं मी बघते. तुम्हाला येतं ते करा, बाबा."

नानांना नाही म्हणायचं होतं. सहा महिन्यांच्या चिंगीचं जावळ त्यांनी याच दुकानात काढलं होतं आणि त्यानंतर तिच्या केसांना आईशिवाय कुणी हात लावला नव्हता. पण ती आरशातून त्यांच्याकडे बघत होती आणि ते बघणं गिऱ्हाइकाचं होतं. कामावर भरवसा असलेलं गिऱ्हाईक बघतं तसं. मागे रबर बांधून त्यांनी लांब केस आधी सगळे एकदम कापून वेगळे केले, आणि मग कंगवा डाव्या हातात घेतला.

पाऊण तास लागला. पूर्वी वीस मिनिटं लागली असती. मानेपासून सुरुवात केली, कंगवा केसांत घातला, वर नेला, कात्री चालवली. मधे मधे ते थांबत, हात झटकत, पुन्हा सुरू करत. चिंगीने विचारलं, आता गिटार सोडणार का. नाना म्हणाले, सोडतोय कशाला, तिसरा धडा चालू आहे, आणि आता ती मी हातासाठी वाजवतही नाही. मग किती दिवसांत जी कॉर्ड येईल, ती म्हणाली. नाना म्हणाले, उलटी धरली तर आत्ता येते. दोघं हसली. कानाच्या मागे नेहमी कठीण जातं. तिथे त्यांनी श्वास रोखून काम केलं. जमिनीवर केसांचा ढीग झाला होता. आरशात हळूहळू चिंगीचा चेहरा मोकळा झाला, आणि तो थेट तिच्या आजीसारखा होता, हे नानांना इतकी वर्षं कळलंच नव्हतं.

ते थांबले तेव्हा चिंगीने मान दोन्हीकडे वळवून बघितली. हातआरसा घेऊन मागून बघितली. ती आता मुलगी म्हणून बघत नव्हती. सहा वर्षं याच दुकानात काम केलेली कारागीर बघत होती, आणि कारागिराला कुठे बोट ठेवायला जागा मिळाली नाही. तिने हातआरसा फळीवर ठेवला, तिथलाच फोन उचलला आणि गळ्यातलं कापड न काढताच सलूनला कळवलं, की पहिल्या तारखेला हजर होते. लिहिलेलं तिने नानांना वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं.

नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी वाहू दिलं. पुसायला एकही हात मोकळा नव्हता. उजव्यात कात्री होती, डाव्यात कंगवा होता, आणि तो खाली ठेवायचं त्यांच्या मनात नव्हतं.